महिनाअखेर, १८१ आणि कांट: तक्रार ‘संतुष्टीने’ बंद करून घ्यावी का?

कारकूनबाई

इंदूरला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कोणतं ते विचारू नका, सांगणार नाही.

प्रश्न लाचेचा नाही. लाच घ्यावी की नाही हे ठरवायला तत्त्वज्ञान लागत नाही, घरचे संस्कार पुरतात. माझा प्रश्न अगदी बारका आहे, आणि म्हणूनच तो डोक्यातून जात नाही.

मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी थोडी माहिती. आमच्याकडे १८१ ही सीएम हेल्पलाईन आहे. फोन केला की तक्रार ऑनलाईन चढते आणि एल-१ म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याकडे येते. मुदतीत निपटली नाही की एल-२, मग एल-३, एल-४ अशी वर जाते. तक्रार बंद होण्याचा सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे ‘संतुष्टीने बंद’. तक्रारदारानेच सांगायचं की काम झालं, मी समाधानी आहे. कल्पना उत्तम आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. पूर्वी बाबू लिहील तेच खरं होतं, आता निदान लोकांना विचारतात तरी. पण त्यावरच दर महिन्याला ग्रेड लागते, त्यामुळे महिनाअखेर आली की आमच्या शाखेत नस्त्या (फायली) बाजूला पडतात आणि फोन सुरू होतात.

आता केस. एक आजी आहेत, विधवा, एकट्या राहतात. महिन्याचं ६०० रुपयांचं पेन्शन बंद पडलंय. आधारवर नावाला ‘बाई’ जोडलेलं आहे, समग्र आयडीवर (राज्याच्या कुटुंब-ओळखीवर) नाही. नाव जुळेना म्हणून ई-केवायसी अडकलं, ई-केवायसी अडकलं म्हणून पैसे थांबले. दुरुस्ती दुसऱ्या कार्यालयातून व्हायची आहे. आम्ही तिकडे कागद पाठवलाय, त्याला वेळ लागणार. साहेब म्हणाले, ‘‘फोन लावा, नीट बोला, काम होणारच आहे म्हणून सांगा आणि आत्ता बंद करून घ्या.’’

हे फोन शेजारच्या टेबलावरून रोज ऐकते. ‘‘अम्मा, भोपाल से फोन आएगा, बस बोल देना संतुष्ट हैं. आपका काम हम करवा रहे हैं ना.’’ आणि अम्मा तसं बोलून देतात. सरकारी माणसाने आपणहून फोन केला, अम्मा म्हटलं, याचंच त्यांना केवढं अप्रूप असतं.

साहेब वाईट नाहीत हो. पैसे खात नाहीत, कुणावर ओरडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ग्रेड घसरली की नोटीस येते, अख्खी शाखा खुलासे लिहीत बसते आणि तेवढे दिवस बाकीच्यांची खरी कामं राहतात. आजींचं काम होणारच आहे, मग आज बंद केलं तर बिघडलं काय?

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं. कांट, मिल वगैरे मंडळी परीक्षेपुरती भेटली होती. आता वाटतं, त्यांना माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसवावं. फोन करायच्या नंबरांची यादी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही काय केलं असतं?

भंवरकुआँवासी

ताई, हा तर पेपर चारचा तयार प्रश्न आहे! यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर ठेवलाय, आमच्या एमपीपीएससीतही पेपर चारला केस स्टडी असते. उत्तराचा साचा असा:

हितसंबंधी: आजी, आपण, साहेब, शाखा, शासन.
मूल्यसंघर्ष: सत्यनिष्ठा विरुद्ध आज्ञापालन, करुणा विरुद्ध कार्यक्षमता.
पर्याय १: फोन करणे. पर्याय २: नकार देणे. पर्याय ३: आजींना परिस्थितीची पारदर्शक माहिती देऊन वरिष्ठांशी संवाद साधणे आणि आंतरविभागीय समन्वयाने काम जलद करणे.
शिफारस: पर्याय ३. शेवटी द्वितीय प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या २००७ च्या चौथ्या अहवालाचा उल्लेख आणि गांधीजींचं एक वचन.

देवासकर

पर्याय ३ नेहमीच बरोबर असतो. म्हणून तर पर्याय १ आणि २ लिहायचे.

खजुरीबाजार

भिया, ‘आंतरविभागीय समन्वय’ कोणत्या खिडकीवर मिळतो? मला पण हवाय, माझं मालमत्तेचं नामांतरण अडकलंय.

निमाडी

ताई, ‘वरून आदेश आहे’ हे आपल्या मुलखात नवं नाही. होळकरांच्या हुकमावर ‘श्री शंकर आज्ञेवरून’ असायचं. निदान वरचा कोण, एवढं तरी कळत होतं.

मैत्रेयी

पुण्यात तत्त्वज्ञान शिकवते. कांटला बोलावलंच आहे तर त्याचं म्हणणं पुरतं ऐकू या.

१७८५ च्या ग्रंथात त्याने एक कसोटी दिली: तू ज्या तत्त्वावर वागतोयस ते उद्या सगळ्यांचा नियम झालं तर चालेल का? लावून बघा. प्रत्येक कार्यालयाने काम न करता लोकांकडून ‘समाधानी’ वदवून घेतलं, तर त्या नोंदीवर भोपाळमध्ये कुणाचाच विश्वास राहणार नाही. मग ती वदवून घेण्यात तरी काय हशील? ही युक्ती चालते ती बाकीचे खरी नोंद करतात तोवरच. त्यांच्या खरेपणावर आपण फुकट जेवतो.

दुसरी कसोटी मला या केसमध्ये जास्त टोचते. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. एरवी आपण सगळेच एकमेकांना वापरतो. रिक्षावाला मला वापरतो, मी त्याला. पण दोघांना व्यवहार ठाऊक असतो. आजींना ठाऊक नाही की त्यांच्या एका ‘हो’मुळे कुणाची तरी ग्रेड सुधारते आणि त्यांची तक्रार एल-२ला जायची ती तिथेच थांबते. त्यांना हे समजावून सांगितलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या का? साहेबांना विचारायचा प्रश्न हा आहे. आणि ‘बिघडलं काय’चं उत्तरही यातच आहे. वर चढणारी तक्रार ही त्यांच्या हातातली एकुलती एक काठी होती, तीच गोड बोलून काढून घेतली.

१७९७ चा त्याचा तो बदनाम निबंधही कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगते. खुनी दारात उभा राहून ‘तुझा मित्र कुठे लपलाय’ असं विचारतो, तरी खोटं बोलू नये असं कांट म्हणतो. त्यावरून लोक त्याला आजवर हसतात. पण इथे दारात खुनी नाही. कार्यालय जिच्यासाठी उघडलंय, खोटं तिच्याशीच बोलायचंय.

सराफ्यातला

महसुलात ३० वर्षं काढून निवृत्त झालो. साहेबांच्या खुर्चीतून बोलणारं इथे कुणी दिसत नाही, म्हणून मी बोलतो.

मॅडम, कांटला बैठकीला जावं लागत नव्हतं. व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये जिल्ह्याचं नाव खालून तिसरं आलं की काय होतं ते मी सोसलंय. तिथे कुणी विचारत नाही की तुम्ही किती खरं बोललात.

पण ते बाजूला ठेवा, माझा मुद्दा वेगळा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात प्रशासकाचा धर्म सांगितलाय. आदेश चुकीचा वाटला तर आक्षेप नोंदवावा, तरीही वरिष्ठ ठाम राहिले तर तो आपल्याला पटलाच होता अशा निष्ठेने पार पाडावा. नाहीतर यंत्रणा कोसळते. हे ऐकायला थंड वाटतं. पण प्रत्येक टेबलावर ज्याचं त्याचं अंतःकरण राज्य करायला लागलं तर? मी असे बाबू पाहिलेत जे आंतरजातीय लग्नाच्या नोंदणीचा अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘‘हमारा मन नहीं मानता.’’ तेही अंतःकरणच होतं. कारकूनबाईंचं चांगलं आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतोय.

बडोदेकरीण

@सराफ्यातला, तुमचं हे शेवटचं अगदी मनाला लागलं, कारण आमच्या बडोद्यात हेच घडलंय आणि ते सगळ्या देशाला माहीत आहे. तुमच्या महूला जन्मलेले बाबासाहेब. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि कराराप्रमाणे १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांचं धोरण स्वच्छ होतं. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकायचे. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले तर तिथून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदं सोडलं.

हुकूम राजाचा होता, पण कागद टेबलावर ठेवायचा की फेकायचा हे शिपाई ठरवत होता. आणि तो लाचखाऊ नव्हता, कामचुकारही नव्हता. त्याच्या मते तो धर्मच पाळत होता.

म्हणून ‘मनाला पटत नाही’ एवढं कारण मला कधीच पुरेसं वाटत नाही. पण तुमचा वेबरही पुरत नाही हो. त्या शिपायाला कुणी लेखी आदेश दिला नव्हता. कचेरीच्या रीतीप्रमाणे तो वागत होता. महिनाअखेरचे फोन ही पण अशी रीतच झालीय ना?

ऑडिटआजोबा

उशिरा आलो. दुपारची झोप सोडून हा धागा वाचला, यावरून काय ते समजा.

पहिलं, साहेबांच्या हिशेबाबद्दल. एका आजींचं थोडं थांबलं तर बाकी अनेकांचं भलं, हे जे गणित आहे त्याचा समाचार टिळकांनी गीतारहस्यात घेतलाय. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला, १९१५ मध्ये छापून आलेला ग्रंथ, त्यातलं आधिभौतिक सुखवादाचं प्रकरण काढा. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हीच कसोटी धरली तर कौरवांची अकरा अक्षौहिणी आणि पांडवांची सात, मग डोकी मोजून पांडव चुकीचे ठरवायचे का, असं ते विचारतात.

त्याच प्रकरणात अमेरिकेतल्या एका शहराची गोष्ट आहे. ट्रामवे हवी होती, लोकांची मोठी सोय होणार होती. सरकारी मंजुरी लांबत चालली. तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले आणि मंजुरी मिळवली. ट्राम धावली, शहर खूश. पुढे प्रकरण उघडकीला आलं, खटला झाला. पहिल्या ज्यूरीचं एकमत होईना, दुसऱ्या ज्यूरीने दोषी ठरवलं. टिळकांचा मुद्दा असा की नुसतं बाहेरचं फळ मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते.

दुसरं, कामाचं. सराफ्यातले साहेब वेबर सांगताना एक वाक्य भरभर म्हणून गेले: आधी आक्षेप नोंदवावा. नोंदवावा म्हणजे कुठे? चहाच्या टपरीवर नव्हे. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम ३ मध्ये स्पष्ट आहे: वरिष्ठाचा निर्देश साधारणतः लेखी असावा, तोंडी दिलाच तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, आणि तो मागून घेणं हे कनिष्ठाचं काम आहे. आपल्या राज्याचे वर्तणूक नियम १९६५ चे आहेत, ते शाखेच्या कपाटात असतील, काढून वाचा. ‘लेखी द्या’ असं तोंडावर म्हणू नका, ते भांडण होतं. नोटशीट, म्हणजे नस्तीतला टिपणीचा कागद, चालवा. कारकुनाच्या हातात दुसरं आहे काय?

कारकूनबाई

आजोबा, चालवायची म्हणजे काय लिहायचं?

ऑडिटआजोबा

लिहा: ‘‘महोदय के मौखिक निर्देशानुसार आवेदिका से दूरभाष पर चर्चा की जाना है. समग्र में नाम सुधार की कार्यवाही आज दिनांक तक अपूर्ण है. आदेशार्थ प्रस्तुत.’’ तीन वाक्यं, खाली लघुस्वाक्षरी आणि तारीख. विशेषण एकही नको. आरोप तर मुळीच नको. निर्देश बरोबर असेल तर सही करायला त्रास व्हायचं कारण नाही.

खजुरीबाजार

आजोबा, तुम्ही नोकरीत असताना लोक तुम्हाला घाबरत असतील.

ऑडिटआजोबा

चहा पाजायचे नाहीत, हे खरं.

वकीलसाहेब_जेलरोड

ट्रामवेच्या गोष्टीवरून एक भर. आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ८ प्रमाणे लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत यंत्रणेला कळवलं, तरच सुटका. टिळकांच्या गोष्टीतला व्यवस्थापक आज इंदूरला असता तरी अडकलाच असता.

पण कारकूनबाईंच्या केसमध्ये एक पैसाही हललेला नाही, म्हणून हा कायदा इथे आंधळा आहे. राज्याच्या २०१० च्या लोकसेवा गारंटी कायद्यातही उशिराला दंड आहे, दिवसाला २५० रुपये, कमाल ५०००, आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून मिळू शकतो. म्हणजे उशिराची किंमत कायद्याने ठरवली. म्हातारीकडून वदवून घेतलेल्या समाधानाची किंमत कुठल्या कलमात आहे, हे मला सापडलेलं नाही.

देवासकर

सगळं ठीक. पण रामशास्त्री व्हायचं तर आधी घराचे हप्ते फेडून टाका.

बडोदेकरीण

रामशास्त्रींचंच घ्या. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गावी निघून गेले. सोडून जाता येणं हीसुद्धा एक ऐपत आहे. पाटी कोरी ठेवून निघून जाणाऱ्याचं आपण कौतुक करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर येऊन बसणाऱ्याला विसरतो. मला तरी दुसरी गोष्टच जास्त अवघड वाटते.

मैत्रेयी

वेबरच्या त्या वाक्याची काळी बाजूही पाहायला हवी. १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमानवर खटला चालला तेव्हा त्याने चक्क सांगितलं की मी आयुष्यभर कांटच्या नीतीप्रमाणे वागलो…

सराफ्यातला

६०० रुपयांच्या पेन्शनमध्ये नाझी आणू नका हो. हात जोडतो.

मैत्रेयी

मान्य. मागे घेते.

कारकूनबाई

काय झालं ते सांगते.

आजोबांनी सांगितली तशी तीन वाक्यं लिहिली आणि नस्ती साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला काही बोलले नाहीत. सहीही केली नाही. नस्ती त्यांच्या टेबलावर डाव्या बाजूला, पेपरवेटखाली राहिली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी यादी आउटसोर्सवरच्या ऑपरेटर मुलाकडे गेली. चोविशीचा असेल. एजन्सीमार्फत आहे, दर वर्षी करार वाढतो किंवा वाढत नाही. साहेबांनी मला ऐकू जाईल अशा बेताने त्याला सांगितलं, ‘‘मॅडम को थोड़ी दिक्कत है, तुम कर लो.’’ त्याने एकेक नंबर लावला. आजींचा पण. त्याच ‘अम्मा’ने सुरुवात केली. माझ्यापेक्षा गोड बोलतो तो. संध्याकाळी तक्रार ‘संतुष्टीने बंद’ झाली.

म्हणजे माझे हात स्वच्छ, आजींची काठी गेलीच, आणि पोरगं मात्र यात ओढलं गेलं. त्याने मला विचारलंसुद्धा नाही की तुम्हाला काय दिक्कत होती. मैत्रेयी, यावर तुमच्या लोकांकडे काही आहे का? हे मी टोमणा म्हणून विचारत नाहीये.

मैत्रेयी

टोमणा असता तरी चाललं असतं. आहे, पण ते तुम्हाला आवडणार नाही.

तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७३ मध्ये उपयुक्ततावादावर, म्हणजे टिळकांच्या त्या ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’वाल्या कसोटीवर, टीका करताना एक प्रसंग रचला. परक्या देशात फिरणाऱ्या जिमला एक कप्तान म्हणतो: या वीस कैद्यांपैकी एकाला तू गोळी घाल, बाकीचे सोडतो, नाही घातलीस तर वीसही मरतील. विल्यम्सचं म्हणणं असं की उत्तर कदाचित ‘घाल’ असेलही, पण उपयुक्ततावाद ते ज्या सहजतेने देतो तिथे गोम आहे. ते कृत्य कुणाच्या हातून होतं याला त्या हिशेबात जागाच नाही. त्याच वर्षी मायकल वॉल्झरने मळलेल्या हातांवर निबंध लिहिला: राज्य चालवणाऱ्याला कधी कधी चुकीचं करावं लागतं, आणि चांगल्या माणसाची खूण ही की आपण चुकीचं केलं हे तो विसरत नाही.

तुमच्या केसमध्ये मात्र हे सगळं उलटं फिरलंय. तुम्ही हात मळवायला नकार दिलात तेव्हा मळ नाहीसा झाला नाही, एका कमकुवत माणसाकडे सरकला. स्वच्छ हातांची किंमत कोण चुकतं करतं, हे या दोघांच्या चर्चेत फारसं येत नाही. विल्यम्सच्या गोष्टीत जिम पाहुणा आहे, संध्याकाळी परत जातो. तुम्हाला सोमवारी त्याच मुलाशेजारी बसायचंय. माझ्या वर्गात हे उदाहरण कधी आलं नव्हतं.

भंवरकुआँवासी

ताई, साचा सोडून बोलतो. माझा मोठा भाऊ अशाच एका कार्यालयात ऑपरेटर आहे. त्याच्या पगारावर माझी कोचिंगची फी जाते. त्याचं घरी ऐकलेलं सांगतो. तुम्ही नोटशीट लिहिली, तिच्यावर तुमची सही आहे, ती तुमची ढाल आहे. या मुलाकडे नोटशीट लिहायचा अधिकारच नाही, त्याच्या नावाची नस्ती नसते. तोंडी सांगितलं, तोंडी केलं. उद्या आजींनी गोंधळ घातला आणि चौकशी लागली तर फोन कुणी केला होता? त्याने. साहेब म्हणणार, मी तर नीट बोला म्हटलं होतं. एजन्सीला एक फोन जाईल आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पासवर्ड चालणार नाही. नोटीस वगैरे काही नाही.

आजोबांचा नियम ३ आमच्या भावाला लागू होतो का?

ऑडिटआजोबा

लागू नाही. तो शासकीय सेवक नाही, कंत्राटदाराचा माणूस आहे. ऑडिटमध्ये आम्ही त्याचं देयक तपासायचो, त्याला कोण काय सांगतं ते कधी तपासलं नाही.

पण कारकूनबाई, तुमची नस्ती अजून पेपरवेटखाली आहे ना? ती परत मागा आणि एक ओळ वाढवा. ‘‘उक्त चर्चा शाखा के निर्देश पर ऑपरेटर द्वारा दिनांक अमुक को की गई. नाम सुधार की कार्यवाही आज भी अपूर्ण है.’’ निर्देश शाखेचा होता हे कागदावर आलं की मुलगा एकटा राहत नाही.

देवासकर

आणि साहेबांनी ती ओळ काढायला लावली तर?

ऑडिटआजोबा

नोटशीटवरची ओळ काढत नाहीत. खोडली तरी वाचता येते.

सराफ्यातला

मी वेबर सांगितला होता, आता माझंच थोडं सांगतो. हा साहेब मी असतो तर मीही कदाचित यादी दुसऱ्याला दिली असती. त्या खुर्चीत बसल्यावर माणूस नकार देणाऱ्याशी भांडत नाही, नकार न देऊ शकणारा शोधतो. त्यामुळे ऑडिटवाल्यांची ओळ बरोबर आहे, पण ती मुलाला विचारून लिहा. त्याला न विचारता त्याला वाचवायला गेलात तर तो पण तुमच्यासाठी आजीच झाला.

दुसरं, आजी. तक्रार बंद झाली म्हणजे जग बुडालं नाही, त्या १८१ वर पुन्हा तक्रार टाकू शकतात. शिवाय मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तुम्ही स्वतः जाऊ नका, कर्मचारी म्हणून अडचणीत याल. मी निवृत्त आहे, मला कुणी काय करणार? आजींची हरकत नसेल तर मी सोबत जातो. नाव-पत्ता इथे लिहू नका, निरोपात कळवा. आधार, समग्र आणि पासबुकची झेरॉक्स लागेल. नावातला फरक दोन्हींवर पेनाने गोल करून आणा, समोरच्याला शोधायला लावू नये.

खजुरीबाजार

काका, मी पण येतो. माझं नामांतरण…

सराफ्यातला

रांगेत या.

कारकूनबाई

मुलाशी बोलले. आधी घाबरला, मग म्हणाला ओळ लिहा, पण ‘ऑपरेटर’ एवढंच लिहा, नाव नको. नस्ती मागायला गेले तर साहेबांनी काही न बोलता पुढे सरकवली. ओळ लिहिली. परत त्याच जागी ठेवून आले. आजींना मंगळवारचं सांगितलंय. त्यांनी विचारलं, ‘‘संतुष्ट बोललेय, आता परत कसं बोलू, खोटारडी नाही का ठरणार?’’ त्यांना समजावता समजावता माझे नाकी नऊ आले.

काका, एक विचारायचं राहिलं. जनसुनवाईच्या अर्जात फोन कुणी केला होता ते लिहावं का? मुलाचं नाव तर येणार नाहीच. साहेबांचं?

सराफ्यातला

नाव नको. पदनाम लिहा. आणि फोन आला त्या दिवसाची तारीख.

ऑडिटआजोबा

पदनामालाच तर आम्ही जन्मभर पत्रं लिहिली, उत्तर नेहमी दुसऱ्याच माणसाने दिलं. मी नाव लिहायला सांगेन.

सराफ्यातला

मग उद्या साहेबांची बदली होईल, आणि फोन पुढच्या महिन्यातही जातील. पदनामच लिहा, ताई.

ऑडिटआजोबा

पटत नाही. पण अर्ज आजींचा आहे. त्यांना विचारा.